विद्यार्थ्यांचे डिजिटल पोर्टफोलिओ : पहिल्या वर्षाच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

आजच्या बैठकीत डिजिटल पोर्टफोलिओच्या, म्हणजे विद्यार्थ्याने आपली निवडक कामं संगणकावर जपून ठेवण्याच्या, प्रकल्पाला मंजुरी मिळाली. सुरुवात नववी आणि अकरावी या दोन इयत्तांपासून. नववीच्या मुलांना चार वर्षं मिळतील, अकरावीच्यांना दोनही पूर्ण मिळणार नाहीत, त्यामुळे पहिल्याच वर्षी दोन्ही टोकं तपासून बघता येतील. दहावी-बारावीला यंदा हात लावायचा नाही.

मुख्याध्यापिकांनी एकच प्रश्न विचारला, तो इथे लिहून ठेवते : "मूल बारावी करून बाहेर पडेल तेव्हा गुणपत्रिकेशिवाय त्याच्या हातात काय असेल?" आजचं उत्तर असं, की फारसं काही नसेल. कामं भरपूर होतात. प्रयोग होतात, मुलाखती घेतल्या जातात, नाटकाचं नेपथ्य उभं राहतं, सर्वेक्षणं होतात. वर्ष संपलं की वह्या रद्दीत जातात आणि तक्ते भिंतीवरून उतरतात. मग महाविद्यालयाच्या अर्जात "स्वतःविषयी लिहा" अशी चौकट आली की मूल अडून बसतं. दोन वर्षांपूर्वी आपण काय केलं, ते का जमलं नव्हतं आणि नंतर कसं जमलं, यातलं काहीच त्याच्याजवळ उरलेलं नसतं.

२ जुलै २०२४

विभागप्रमुखांची बैठक. बोलणं पहिल्या दहा मिनिटांतच पानांचे रंग, टेम्प्लेट आणि बोधचिन्ह याकडे वळलं. तो विषय पुढे ढकलायला लावला. पोर्टफोलिओत काय जाणार आणि ते निवडणार कोण, हे आधी ठरायला हवं.

ई-पोर्टफोलिओवर अनेक वर्षं काम केलेल्या हेलन बॅरेट यांनी त्याची दोन रूपं वेगळी करून दाखवली आहेत : काम करायची जागा आणि काम दाखवायची जागा. आम्ही हीच विभागणी घेतली आणि त्यांना "साठा" व "दालन" अशी नावं दिली. साठ्यात अर्धवट, खोडाखोडीचं, फसलेलं सगळं राहील आणि तो विद्यार्थी व त्याचे मार्गदर्शक शिक्षक यांच्यापुरताच असेल. दालनात वर्षाला तीन ते पाच कामं. निवड विद्यार्थ्याची. प्रत्येक कामासोबत त्याने लिहिलेलं टिपण.

भाषेच्या सरांनी रास्त शंका काढली : "मुलं फक्त शेवटची, गुळगुळीत प्रत लावतील. त्यातून कळणार काय?" त्यावरून नियम केला, की दालनातल्या प्रत्येक कामाशेजारी त्याचा निदान एक आधीचा खर्डा असलाच पाहिजे. ही कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वर्ड विद्यापीठाचा प्रोजेक्ट झीरो हा संशोधन गट, ईटीएस ही परीक्षा संस्था आणि पिट्सबर्गच्या शाळा यांनी आर्ट्स प्रोपेल नावाचा प्रकल्प चालवला होता. त्यातली मुलं चित्र, संगीत आणि लेखन यांतलं तयार कामच नव्हे, तर कच्ची रेखाटनं, सोडून दिलेले प्रयत्न आणि त्यांवरचे स्वतःचे विचारही जपून ठेवत. त्याला ते प्रोसेस-फोलिओ म्हणत.

माझ्या मते अख्खा प्रकल्प या एका नियमावर उभा आहे. तो पाळला गेला तर साधन कुठलंही चालेल. तो सुटला तर उरेल ती प्रमाणपत्रांची फोटोगॅलरी.

११ जुलै २०२४

साधनाची निवड. आमच्या अटी : फोनवर नीट चालावं, देवनागरी व्यवस्थित दिसावी, काहीही आपोआप जाहीर होऊ नये आणि शाळा सोडताना विद्यार्थ्याला सगळं सोबत नेता यावं.

माहारा मनात भरलं होतं. न्यूझीलंडमध्ये २००६ साली सुरू झालेली ही मुक्त स्रोत प्रणाली खास पोर्टफोलिओसाठीच बनवलेली आहे आणि त्यातून सगळा पोर्टफोलिओ साध्या वेब पानांच्या रूपात बाहेर काढता येतो. पण ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची तर अद्ययावत ठेवणारा, बॅकअप घेणारा माणूस लागतो आणि आमच्याकडे तो नाही. संगणकाच्या मॅडम एकट्या किती बघणार? म्हणून साठा गूगल ड्राइव्हवर आणि दालन गूगल साइट्सवर. खाती मुलांकडे आधीपासूनच आहेत.

फाइलला नाव देण्याची पद्धत ठरवली : आधी तारीख, मग विषय, मग काम, मग खर्ड्याचा क्रमांक. उदाहरणार्थ, "२०२४-०८-१४ भौतिक लंबक खर्डा १". वर्ष पुढे ठेवलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात आणि तीन वर्षांनी शोधायला त्रास होत नाही.

आणखी एक ठरलं. शेवटच्या प्रतीची पीडीएफ करून ठेवायची, मूळ फाइल कुठल्याही ॲपमध्ये असो. फ्लॅश या ॲनिमेशनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली शैक्षणिक कामं ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा पाठिंबा थांबवल्यावर ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. नववीच्या मुलाचं काम बारावीतही उघडायला हवं, त्यामुळे हा आग्रह सोडणार नाही.

२४ जुलै २०२४

पालकांची सभा, विषय संमती आणि गोपनीयता. काही पालकांना भीती होती की मुलांची कामं इंटरनेटवर कुणालाही दिसतील. भीती अगदी योग्य आहे, आणि तिला शब्दांऐवजी सेटिंग दाखवून उत्तर दिलं. दालन मुळात खासगी असतं. ते शाळेत कुणाला, बाहेर कुणाला आणि किती दिवस दाखवायचं हे विद्यार्थी आणि पालक मिळून ठरवतात, आणि ते कधीही बंद करता येतं.

कायदेही याच दिशेने गेले आहेत. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांमध्ये माहिती पुसून टाकण्याचा आणि ती दुसरीकडे नेण्याचा हक्क दिलेला आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळून घेता येईल अशी संमती लागते. कायदा कुठलाही असो, आमची पद्धत त्याहून सैल नको.

मुलांसाठी वेगळं सत्र घेतलं. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात, हे वर्गातच एका फोटोची माहिती उघडून दाखवलं. पडद्यावर नकाशा आला आणि त्यावर शाळेचं मैदान दिसलं, तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. त्यानंतर नियम समजावून सांगावे लागले नाहीत : फोटो लावण्याआधी स्थानाची माहिती काढायची, इतर मुलांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, घरचा पत्ता आणि फोन नंबर दालनात कुठेही नको.

३० जुलै २०२४

वेळापत्रकात तास मिळाला. आठवड्याला एक, दोन्ही इयत्तांना. यासाठी मी सगळ्यात जास्त भांडले. "घरी करून आणा" म्हटलं असतं तर ज्यांच्या घरी स्वतःचा फोन आणि निवांत कोपरा आहे त्यांचेच पोर्टफोलिओ उभे राहिले असते.

२९ ऑगस्ट २०२४

टिपणं यायला लागली आहेत. बहुतेकांची पहिली ओळ अशी : "या उपक्रमातून मला खूप काही शिकायला मिळालं." दुसरी ओळ : "माझा आत्मविश्वास वाढला." नववी असो की अकरावी, विज्ञान असो की इतिहास. मुलं खोटं लिहीत नाहीत. शाळेत अशा जागी काय लिहितात याचा जो नमुना त्यांच्यापुढे आहे, तोच ती उतरवतात.

अकरावीतल्या एका मुलीचं काम पूर्ण लिहून ठेवते, कारण पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते दाखवायचं आहे. प्रयोग साध्या लंबकाचा. पहिल्या खर्ड्यात तिने प्रत्येक लांबीसाठी एकेक दोलन मोजलं होतं. एक मीटर दोरीसाठी तिची वाचनं १.७, २.२ आणि १.९ सेकंद. आलेखावर प्रत्येक बिंदू पुढच्या बिंदूला रेघेने जोडलेला, त्यामुळे आकृती वेडीवाकडी. दुसऱ्या खर्ड्यात वीस दोलनं एकदम मोजून वीसने भागलेली : ४०.२ सेकंद, म्हणजे दोलनकाल २.०१. दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढलेला, आणि बिंदूंच्या मधून जाणारी एकच सरळ रेघ.

आणि टिपण? "या प्रयोगातून खूप शिकायला मिळालं, संघभावना वाढली."

भौतिकशास्त्राच्या सरांनी तिच्यापुढे दोन्ही पानं ठेवली आणि एवढंच विचारलं, "या दोन पानांत वेगळं काय आहे? एका गोष्टीवर बोट ठेव, आणि ती का बदललीस ते सांग." ती बराच वेळ बघत राहिली. नंतर तिने लिहिलं : "आधी मी एकच दोलन मोजलं. घड्याळाचं बटण दाबायला माझ्या हाताला लागणारा उशीर त्या दोन सेकंदांत मिसळत होता. वीस दोलनं मोजल्यावर तेवढाच उशीर वीस जणांत वाटला गेला. पहिल्या आलेखात मी बिंदू जोडले, कारण मला प्रत्येक बिंदू बरोबर वाटत होता. आता मला वाटतं की प्रत्येक बिंदू थोडा चुकलेला असतो आणि रेघ त्या सगळ्यांना मिळून खरं काय ते सांगते."

सतरा वर्षांच्या मुलीने मोजमापातल्या त्रुटीविषयी हे स्वतःच्या शब्दांत लिहिलं आहे. अभियांत्रिकीच्या मुलाखतीत तिला "एखादी अडचण कशी सोडवलीस?" असं विचारलं तर तिला आठवून बनवून काही सांगावं लागणार नाही.

आजपासून टिपणाचा साचा बदलला. "काय शिकलास?" हा प्रश्न काढला. त्या जागी : "दोन खर्ड्यांत काय बदललं? का बदललं? अजून एक आठवडा मिळाला तर काय करशील?"

१९ सप्टेंबर २०२४

पोर्टफोलिओला गुण द्यायचे की नाही, यावर वाद. गुण नसतील तर मुलं गांभीर्याने घेणार नाहीत, हा एका बाजूचा मुद्दा. तो खोडून काढण्यासारखा नाही.

मी दोन गोष्टी मांडल्या. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या मुलांचे लेखन व गणिताचे पोर्टफोलिओ राज्यभर तपासायला घेतले. रँड या संशोधन संस्थेने त्या तपासणीचा अभ्यास केला, तेव्हा पहिल्या वर्षी दोन परीक्षकांचे गुण एकमेकांशी इतके कमी जुळत होते, की त्यांवरून शाळांची तुलना करणंच योग्य ठरलं नसतं. तरीही शिक्षकांच्या शिकवण्यात चांगले बदल झाल्याचं त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे पोर्टफोलिओ शिकवण्याला उपयोगी पडला, पण तुलनेची मोजपट्टी म्हणून तो कमकुवत निघाला.

दुसरी गोष्ट शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगाची. ज्या मुलांना कामावर फक्त लेखी शेरे मिळाले त्यांची पुढची कामगिरी सुधारली. ज्यांना शेऱ्यासोबत गुणही मिळाले, त्यांच्यात शेऱ्याचा फायदा दिसला नाही. गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "खरं आहे, पेपर हातात पडला की मुलं आकडा बघतात आणि पान उलटतात."

निर्णय असा : गुण नाहीत. वर्षाला तीन कामं, दोन खर्डे, टिपण आणि एक सादरीकरण पूर्ण झालं का एवढीच नोंद. कामाच्या दर्जाबद्दल मार्गदर्शक शिक्षकाने लिहून आणि बोलून सांगायचं. विरोधातल्या दोघांनी वर्षाअखेरीस पुन्हा विचार करण्याची अट घातली, ती मान्य.

८ ऑक्टोबर २०२४

नववीतला एक मुलगा साठा रिकामा ठेवत होता. मार्गदर्शक शिक्षिकेने विचारलं तर म्हणाला, "दाखवण्यासारखं काही नाहीये, मॅडम." तोच मुलगा गल्लीतल्या सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करतो, हे त्याच्या मित्राने सांगितलं.

त्याने आता एक काम लावलं आहे : एका सायकलची चेन सारखी का निसटत होती. चेन सैल आहे असं समजून त्याने आधी मागचं चाक मागे ओढून ती ताणली. दोन दिवसांनी पुन्हा निसटली. मग त्याने पॅडल हळू फिरवत चेन नेमकी कुठे उचलली जाते ते पाहिलं, आणि पुढच्या चक्राचा एक दात वाकलेला सापडला. तीन फोटो आणि फोनवर बोललेलं टिपण. हाही पहिला आणि दुसरा खर्डाच आहे, फक्त कागदावर नाही.

आजपासून नियमात स्पष्ट भर : दालनातल्या कामांपैकी निदान एक शाळेबाहेरचं असू शकतं. घरच्या आजारी माणसाच्या औषधांचं वेळापत्रक सांभाळणं, लहान भावंडाला वाचायला शिकवणं, कार्यक्रमाचा ध्वनी सांभाळणं. करिअरचा विचार करताना मुलाला नेमका याच पुराव्याचा आधार लागतो, कारण आपल्याला काय जमतं आणि काय करताना वेळेचं भान राहत नाही हे त्यातच दिसतं.

२१ नोव्हेंबर २०२४

चॅटबॉटने लिहिलेली टिपणं येऊ लागली आहेत. ओळखायला अवघड नाहीत : व्याकरण निर्दोष, आणि कामातला एकही तपशील नाही. पकडापकडी करण्यात मला रस नाही. तीन उपाय केले. टिपणाचा पहिला मसुदा वर्गातल्या तासातच. हवं त्याला दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करायची मुभा. आणि गूगल डॉक्समधला आवृत्ती इतिहास खर्डा म्हणून चालेल, म्हणजे मजकूर कसा वाढत गेला ते दिसतं. ज्याने एआयची मदत घेतली त्याने कुठे आणि कशासाठी घेतली, आणि त्यातलं काय टाकून दिलं, ते लिहायचं.

बोललेली टिपणं अनपेक्षितपणे चांगली निघाली. लिहिताना अडखळणारी काही मुलं बोलताना मुद्द्यावर थेट येतात.

१२ डिसेंबर २०२४

दालनं फोनवर तपासली. पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, मोठमोठे फोटो, उघडायला वेळ. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मानकात साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तीव्रतेचं प्रमाण किमान ४.५:१ मागितलं आहे. तेच आम्ही धरलं. फोटोंना वर्णन द्यायला लावलं, म्हणजे दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडरवर कळेल. संगणकाच्या मॅडमनी एका तासात उरकलं.

१६ जानेवारी २०२५

अकरावीसाठी बाहेरचे वाचक बोलावले : एक परिचारिका, एक वास्तुविशारद, एक महाविद्यालयीन प्राध्यापक, एक छोटा कारखाना चालवणाऱ्या बाई. त्यांना दालनं दिली आणि आम्ही फक्त बघत राहिलो.

बहुतेकांनी पहिल्या पानावर दोन-तीन मिनिटंच घालवली. "माझ्याविषयी" हा लांबलचक परिच्छेद कुणी पूर्ण वाचला नाही. थांबले ते दोन खर्डे शेजारी होते तिथे. कारखान्याच्या बाई म्हणाल्या, "मला हे बघायचं असतं की काम बिघडल्यावर हा माणूस काय करतो. प्रमाणपत्रावरून ते कळत नाही." प्राध्यापकांनी सावधही केलं : वास्तुकला, रचना, कला इथे पोर्टफोलिओ मागतातच, एमआयटीसारख्या ठिकाणी अर्जासोबत स्वतः बनवलेल्या गोष्टींचा पोर्टफोलिओ जोडता येतो, पण पुष्कळ अभ्यासक्रमांचा प्रवेश केवळ गुणांवर होतो आणि तिथे दालन कुणी उघडणार नाही.

हे पालकांना याच शब्दांत सांगायचं ठरवलं. प्रवेशाची हमी म्हणून हा प्रकल्प विकणं मला मान्य नाही. अर्जातला निबंध, शिफारसपत्र आणि मुलाखत यांसाठी त्यातून तारखेसकट कच्चा माल मिळतो. शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांनाही तो मिळतो, आणि "हा विद्यार्थी कष्टाळू व प्रामाणिक आहे" याच्या पुढे जाता येतं.

१३ फेब्रुवारी २०२५

सादरीकरणं संपली. रचना न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क ईस्ट सेकंडरी स्कूलवरून घेतली. डेबोरा मायर यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या त्या शाळेत विद्यार्थी शाळा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी समितीपुढे पोर्टफोलिओ मांडत, आणि समितीत शिक्षकांबरोबर विद्यार्थ्याने निवडलेली एक मोठी व्यक्ती व दुसरा एक विद्यार्थीही असे. आम्हीही तसंच केलं. प्रश्नही त्यांच्याच धर्तीचे : पुरावा काय? हे दुसऱ्या कुणाच्या नजरेतून कसं दिसेल? हे कशाशी जोडलेलं आहे? असं नसतं तर? आणि याने कुणाला काय फरक पडतो?

सायकलवाल्या मुलाने समितीत आपल्या आजोबांना बसवलं. एका मुलीने त्याला विचारलं, "दात वाकला कशामुळे?" तो म्हणाला, "ते मी बघितलंच नाही. बघतो." आणि साठ्यात तशी नोंद केली.

गुणांच्या बाजूने असलेल्या दोन्ही शिक्षकांनी पुढच्या वर्षी गुणांची मागणी मागे घेतली आहे. त्यातल्या एकांनी सादरीकरणाला दिलेली वेळ वाढवायला सांगितली. मान्य.

६ मार्च २०२५

हस्तांतराची तयारी. शाळेची खाती मूल शाळा सोडल्यावर बंद होतात. परवानगी चालू असेल तर ड्राइव्हमधला साठा वैयक्तिक खात्यात नेता येतो, पण तिथे तयार होतात त्या नव्या प्रती, त्यामुळे दालनातले जुन्या फाइलींचे दुवे तुटतात. म्हणून क्रम ठरवला : आधी साठा हलवायचा, मग वैयक्तिक खात्यात नवं दालन बांधून दुवे पुन्हा जोडायचे, पीडीएफचा एक संच पेन ड्राइव्हवर द्यायचा, आणि शाळेची प्रत विद्यार्थ्याने लेखी सांगितल्यावरच पुसायची. शेवटच्या महिन्यात घाई नको म्हणून ही तालीम यंदाच्या अकरावीकडून बारावीच्या पहिल्या सत्रातच करून घ्यायची.

पुढच्या वर्षासाठी : नववी ते बारावी चारही इयत्ता, आठवड्याचा तास कायम, मार्गदर्शक शिक्षकामागे जास्तीत जास्त पंधरा विद्यार्थी. नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात लंबकाचे दोन खर्डे आणि दोन टिपणं. त्या मुलीची लेखी परवानगी मिळाली आहे, पालकांची सही उद्या घ्यायची आहे.